वाटेकरी हाच मापाडी

एखादी बँक बुडाली की आपल्याकडे प्रथम शोध सुरू होतो तो खलपुरुषाचा. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून आरंभी केवळ एक हजार रुपये काढता येतील असा हुकूम सुटला, आणि त्या दिवसापासून मुंबईच्या लोकलच्या डब्यात, व तेथून रातराणीने गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडून आमच्या लांज्याच्या बाजारपेठेतही, ‘पैसे खाल्ले कोणी?’ हा एकच प्रश्न घोळू लागला. उत्तर यथावकाश मिळाले. एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या गटाला साडेसहा हजार कोटी रुपयांच्या घरात कर्ज गेले होते, बँकेने वाटलेल्या एकूण कर्जाचा सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा त्या एका गटाकडे होता, आणि ही गोष्ट तपासनिसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती उघडून ठेवली होती. अटका झाल्या, छायाचित्रे छापून आली, लोकांचा राग थोडा निवळला. तथापि या साऱ्या गदारोळात एका साध्या वस्तुस्थितीकडे फारसे कोणी पाहिले नाही. बँकेचे अध्यक्ष हे काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच बांधकाम कंपनीच्या संचालक मंडळावर होते, आणि ही माहिती कोणी चोरून ठेवलेली नव्हती. कंपनीच्या छापील वार्षिक अहवालात ती ज्याला हवी त्याला वाचता येत होती.

खोटी खाती हा गुन्हा होय आणि त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु गुन्हा घडण्याच्या पुष्कळ आधी, सर्व काही कायदेशीर असताना, कर्ज मागणाऱ्याच्या बैठकीत बसलेला मनुष्य कर्ज देणाऱ्याच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून येऊन बसला, त्या दिवशी काय घडले याचा विचार आपण करीत नाही. माझे म्हणणे असे की पेढ्या, बँका, गुंतवणुकीचे फंड आणि त्यांच्याविषयी सल्ला देणारे पंडित यांच्या व्यवहारातील बहुतेक अनर्थांचे मूळ त्या दिवशी रोवले जाते. आणि आपण मात्र त्या दिवसाविषयी विचारले असता ‘तो माणूस तसा नाही हो’ एवढेच उत्तर देऊन मोकळे होतो. माणूस कसा आहे हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. तो कोठे बसला आहे, आणि त्या एका जागी बसून त्याला किती जणांचे हित पाहावयाचे आहे, एवढेच पाहावयाचे असते.

ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाला तरी नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. लांजा, राजापूर, संगमेश्वर या टापूतील गावे पिढ्यान् पिढ्या खोतीखाली नांदली. खोत हा सरकारच्या वतीने गावाचा सारा वसूल करून भरणारा, म्हणजे एका अर्थाने सरकारचा मुखत्यार. परंतु कुळाकडून जे येईल त्यातून सरकारी देणे भागवून उरेल ते त्याचे स्वतःचे, म्हणजे दुसऱ्या अर्थाने तो सरळसरळ वाटेकरी. अर्धेलीच्या जमिनीत पिकाचा अर्धा हिस्सा खोताचा, तिर्धेलीत तिसरा. आता पीक किती आले हे ठरवायचे कोणी? शेतात भात उभे असताना त्याचा अंदाज घेण्याची जी पद्धत होती तिला अभावणी म्हणत, आणि ही अभावणी करण्याचा अधिकार खोताचा होता. ज्याला वाटा घ्यावयाचा त्यानेच माप ठरवावयाचे. आठ मण पिकेल अशा खाचरावर दहा मणांची अभावणी झाली की कुळाच्या घरी उरणाऱ्या चार मणांतून आणखी एक मण निघून जाई. आणि हे होण्यासाठी खोत क्रूर असण्याची मुळीच आवश्यकता नव्हती, तो केवळ माणूस असला म्हणजे पुरे होते. उभ्या पिकाकडे पाहताना आपल्या लाभाचा आकडा डोळ्यांना अधिक खरा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

खोतांत सज्जन पुष्कळ होते. दुष्काळात सूट देणारे, कुळाच्या घरचे लग्न स्वतःचे कार्य मानणारे, पदरमोड करून गावात शाळा काढणारे खोत होते, आणि त्यांच्या सौजन्याच्या कथा अजूनही सांगितल्या जातात. परंतु डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचे विधेयक आणले, आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातील हजारो कुळे मुंबईत कौन्सिलवर चालून गेली, तेव्हा त्यांची मागणी चांगले खोत द्या अशी नव्हती. वसूल करणारा आणि वाटा घेणारा हे एकच असता कामा नयेत, अशी ती मागणी होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. दोन आसने एकाच माणसाखालून काढून घ्यावी लागतात, त्याला उपदेश करून भागत नाही, हे तत्त्व आपल्या जिल्ह्याने जमिनीच्या बाबतीत स्वीकारले. पैशाच्या बाबतीत मात्र ते अद्याप आपल्या गळी उतरलेले दिसत नाही.

पैशाच्या बाबतीत अडचण अशी की आपल्या ग्रामीण पतव्यवहाराचा पायाच मुळी कर्जदार व सावकार यांच्या ऐक्यावर घातलेला आहे. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यामागची कल्पना मोठी उदात्त होती: सावकाराच्या पाशातून रयतेला सोडवावयाचे तर रयतेनेच एकमेकांचे सावकार व्हावे. म्हणजे कर्ज मागणारा आणि देणारा यांचे हित एकत्र येणे हा या चळवळीचा दोष नव्हे, तिचे ते ब्रीदच होते. मग त्या काळी अनर्थ का ओढवला नाही? कारण ग्रामीण पतपेढीत जबाबदारी अमर्याद होती. पेढी बुडाली तर प्रत्येक सभासदाची जमीन, बैल आणि भांडी जप्तीस पात्र. तेव्हा शेजाऱ्याला दिलेल्या दोनशे रुपयांचे त्याने काय केले यावर सारी वाडी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. ज्याच्या हाती देण्याचा अधिकार त्याच्याच मानेवर बुडण्याचा भार, असा तो हिशेब होता.

पुढे जबाबदारी मर्यादित झाली, आणि त्याहून महत्त्वाचा असा एक बदल झाला की ज्याची चळवळीच्या धुरीणांनी पुरेशी दखल घेतली असे मला वाटत नाही. संस्थांमध्ये असा पैसा येऊ लागला की ज्याच्या मालकाला कर्ज नकोच होते. मुंबईत गिरणीत अथवा गोदीत हाडे झिजवून परतलेल्या चाकरमान्याची ग्रॅच्युइटी, निवृत्त गुरुजींचा भविष्यनिर्वाह निधी, विधवेला मिळालेली विम्याची रक्कम, आंब्याच्या हंगामानंतर बागायतदाराने ठेवलेली पुंजी. हा ठेवीदार संस्थेचा नाममात्र सभासद; मतदान करणारा, निवडून येणारा आणि मंडळावर बसणारा वर्ग मात्र प्रायः कर्जदारांचा. देण्याचा अधिकार एकाच्या हाती राहिला आणि बुडण्याचा भार दुसऱ्याच्या मानेवर गेला. चळवळीचे शब्द तेच राहिले, संस्थेच्या भिंतीवरच्या तसबिरी त्याच राहिल्या, पण आतले गणित उलटे झाले.

याचे विराट रूप पाहावयाचे तर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे पाहावे. ही शिखर बँक साखर कारखान्यांना व सूतगिरण्यांना कर्जे देणारी, आणि तिच्या मंडळावर वर्षानुवर्षे बसणारी मंडळी त्याच कारखान्यांच्या व जिल्हा बँकांच्या वर्तुळातून आलेली. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून ते संचालक मंडळ बरखास्त झाले व प्रशासक आले. पुढील चौकश्या, न्यायालयीन प्रकरणे आणि राजकीय वादंग यांत कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. परंतु ज्याला कर्ज हवे त्यानेच आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेचा निर्णय करावा अशी ती रचना होती, हे म्हणावयास कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्यातील ती बरखास्ती झाली नसती आणि एक रुपयाही बुडाला नसता तरीदेखील ती रचना सदोषच ठरली असती.

कायद्याला हे कळले नव्हते असे नाही, उशिरा कळले एवढेच. व्यापारी बँकांना संचालकांच्या व त्यांच्या हितसंबंधी पेढ्यांच्या कर्जांवर पुरती बंदी १९६८ च्या दुरुस्तीने आली. नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत त्यासाठी अहमदाबादची माधवपुरा बँक बुडावी लागली. २००१ मध्ये तिने केतन पारेख या दलालाच्या शेअरबाजारी उलाढालींपायी स्वतःला गाळात घातले, संसदेच्या संयुक्त समितीने ताशेरे झाडले, आणि १ ऑक्टोबर २००३ पासून संचालक, त्यांचे नातेवाईक व त्यांच्या हितसंबंधी संस्था यांना कर्ज देण्यास ठेवतारणासारखे किरकोळ अपवाद वगळता मनाई झाली. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यांच्यासाठी राज्याच्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम ७५ चा मार्ग आहे: संचालक व त्यांचे कुटुंबीय यांना दिलेल्या कर्जांचे विवरणपत्र वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे.

हे विवरणपत्र ठेवले जाते. तालुक्याच्या गावी भरणारी अशी सभा ज्याने पाहिली आहे त्याला ते ठेवले जाणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एखाद्या मंगल कार्यालयात दुपारी सभा भरते. दारात सभासदांच्या सह्या घेऊन भेटवस्तूचे कूपन दिले जाते. व्यासपीठावर सत्कार, शाली, श्रीफळे, गुणवंत विद्यार्थ्यांना पाकिटे. अहवाल ‘वाचला असे गृहीत धरून’ मंजूर होतो. त्या अहवालाच्या शेवटच्या पानांपैकी एका पानावर, कोऱ्या जाहिरातींच्या अलीकडे, एक छोटा तक्ता असतो: संचालकाचे नाव, कर्जाची रक्कम, येणे बाकी, पैकी थकबाकी. कधी तेथे शून्ये असतात, कधी एखादा किरकोळ आकडा. सभेतील शंभर जणांपैकी पन्नास जणांना हे माहीत असते की अमुक संचालकाच्या साडूच्या नावावर जे चिरेखाणीचे कर्ज आहे ते या तक्त्यात आलेले नाही, कारण कायद्याने सांगितलेल्या नात्यांच्या यादीत साडू बसत नाही. आणि ते पन्नासही जण गप्प बसतात. कुणाचा मुलगा त्या संस्थेत लिपिक आहे, कुणाच्या कर्जाला तोच संचालक जामीनदार आहे, कुणाला पुढच्या महिन्यात स्वतःचा अर्ज द्यावयाचा आहे. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती भीक दुसऱ्याच्या ठेवीतून घातली जाते हे आपल्या ध्यानात येत नाही.

म्हणूनच ‘प्रकटीकरण’ या एका उपायावर आजच्या नियामकांची जी निष्ठा दिसते ती मला अपुरी वाटते. आपला हितसंबंध जाहीर करा, मग खुशाल व्यवहार करा, असा तिचा मथितार्थ. यात सावधगिरीचे ओझे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या खांद्यावरून उतरून ज्याच्याकडे ती नाही त्याच्या खांद्यावर जाते. लहान गावात तर सर्व काही आधीच प्रकट असते. लांज्यात कोण कुणाचा व्याही, कोण कुणाचा भागीदार, काजूच्या कारखान्यात कुणाचा छुपा पैसा आहे, हे सांगण्यास अहवालाची गरज पडत नाही. उणीव असते ती माहितीची नव्हे, माहितीवरून काही करता येण्याच्या सोयीची.

याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, पहाऱ्यावरच्या माणसाचा पगार कोण देतो हा. सोनेतारण कर्जाचे घ्या. बाजारपेठेतील एखादा सराफ संस्थेचा अधिकृत मूल्यनिर्धारक असतो. प्रत्येक पाटलीमागे, प्रत्येक मंगळसूत्रामागे त्याला ठरावीक शुल्क मिळते, आणि ते कर्ज जितके वेळा होईल तितके वेळा मिळते. कर्जे वाढावीत अशी संस्थेची इच्छा, कर्ज थोडे अधिक मिळावे अशी कर्जदाराची इच्छा, शुल्क बुडू नये अशी सराफाची इच्छा; कसोटीचा दगड घासताना या तिन्ही इच्छा एकाच दिशेला ओढतात, आणि विरुद्ध दिशेला ओढणारा कोणी त्या खोलीत नसतो. ठेवीदार घरी असतो. ही अभावणीच आहे. फक्त खाचराच्या जागी तराजू आला आहे. लेखापरीक्षकाची स्थिती याहून वेगळी नाही. पूर्वी सहकार खात्याचा सरकारी लेखापरीक्षक दप्तर तपासी. त्याच्या दिरंगाईच्या व चहापाण्याच्या कथा काही कमी नव्हत्या. घटनेच्या ९७ व्या दुरुस्तीनंतर, २०१३ पासून, सरकारमान्य नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक सर्वसाधारण सभेने नेमावा असे झाले. स्वायत्ततेच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु सभेपुढे नाव सुचविते कोण? ज्यांचे हिशेब तपासावयाचे तेच मंडळ. ‘अ’ वर्ग देणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येते. ‘क’ वर्ग देणाऱ्याची आठवण राहत नाही.

हाच प्रकार मुंबईत गेला की त्याला भारदस्त नाव मिळते. अमेरिकेत जॉन मूडी या गृहस्थाने १९०९ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना दर्जे देणारे पुस्तक काढले तेव्हा ते पुस्तक विकत घेणारा गुंतवणूकदार हा त्याचा धनी होता. १९७० च्या दशकात हा क्रम फिरला, आणि ज्या कंपनीचे रोखे तीच दर्जा ठरविणाऱ्याचे शुल्क देऊ लागली. आपल्याकडे १९८७ मध्ये क्रिसिल स्थापन झाली, पाठोपाठ इक्रा व केअर आल्या, त्या या बदललेल्या क्रमातच जन्मल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या नव्वद हजार कोटींहून अधिक कर्जाच्या डोंगरावर बसलेल्या कंपनीने देणी चुकविण्यास आरंभ केला, तेव्हा थोड्याच आठवड्यांपूर्वीपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च दर्जा होता. भविष्यनिर्वाह निधींचे पैसे त्या दर्जावर विसंबून तेथे गेले होते. सेबीने तीन मानांकन संस्थांना आरंभी प्रत्येकी २५ लाख रुपये दंड केला. नव्वद हजार कोटींच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहण्याचे काम मी वाचकावर सोपवितो.

शेअरांविषयी संशोधन करणाऱ्या विद्वानांचीही गत हीच. न्यूयॉर्कचे महाधिवक्ते एलियट स्पिट्झर यांनी वॉल स्ट्रीटवरील पेढ्यांचे खाजगी टपाल उघडले तेव्हा असे दिसले की ज्या समभागांची शिफारस जगाला केली जात होती त्यांची संभावना विश्लेषक आपसांत कचरा म्हणून करीत होते, कारण त्या कंपन्या पेढीच्या दुसऱ्या खात्याची मोठी गिऱ्हाइके होती. २००३ मध्ये दहा पेढ्यांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटविले. आपल्याकडे सेबीचे संशोधन विश्लेषकांविषयीचे विनियम २०१४ मध्ये आले. अहवाल प्रसिद्ध करण्यापूर्वी तीस दिवस व नंतर पाच दिवस विश्लेषकाने त्या समभागात स्वतःचा व्यवहार करू नये, असे त्यांत म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण भ्रमणध्वनीवर फुकट ‘टिप’ पाठविणारा जो कोणी असतो तो विश्लेषक म्हणून नोंदलेला नसतो, आणि आमच्या तालुक्यात संशोधन पोहोचते ते बहुधा त्याच मार्गाने.

येथे कराडचे नाव घेतले पाहिजे, कारण १९९२ च्या रोखे घोटाळ्याची चर्चा हर्षद मेहता या एका नावाभोवती इतकी फिरली की त्यात एका लहान मराठी बँकेचा अंत झाला हे विसरले गेले. त्या काळी बँका आपसांत सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री दलालामार्फत करीत, आणि प्रत्यक्ष रोख्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती देत. दलाल खरेदीदाराचा, दलाल विक्रेत्याचा, आणि दलाल स्वतःच्याही खात्यावर सट्टा करणारा; एका बँकेच्या नावे काढलेला धनादेश त्याच्या खात्यात जमा करण्याचा प्रघातही पडून गेला होता. तीन धनी असलेला हा नोकर कुणाचा इमानदार राहणार होता? बँक ऑफ कराड व मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी हाती रोखे नसताना अशा पावत्या लिहून दिल्या. जानकीरामन समितीने सुमारे चार हजार कोटींचे भगदाड मोजले. कराडची बँक अवसायनात गेली आणि तिच्या शाखा अखेर बँक ऑफ इंडियाकडे आल्या. कृष्णाकाठच्या ठेवीदाराला दलाल स्ट्रीट कोठे आहे हे कदाचित ठाऊकही नसेल.

पण मोठ्या घोटाळ्यांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती रोजच्या, सभ्य, कायदेशीर आणि हसतमुख व्यवहाराची. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी आमच्या तालुक्यातील कित्येकांची घरे, दुकाने, कलमे गेली आणि प्रांत कचेरीतून मोबदल्याच्या रकमा खात्यांत जमा झाल्या. ज्या खात्यावर आयुष्यात पन्नास हजारांपलीकडे शिल्लक नव्हती त्यावर एके दिवशी काही लाख दिसू लागले. ही वार्ता सर्वांच्या आधी कोणाला कळते? बँकेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन येतो, साहेब आत बोलावून खुर्ची देतात, चहा मागवितात, आणि ‘काका, मुदत ठेवीत आता काय मिळतंय? त्यापेक्षा हे करा’ म्हणून एक कागद पुढे सारतात. तो कागद विमा पॉलिसीचा असतो, पाच वा सात वर्षे दरसाल हप्ता भरावयाचा, मध्येच सोडल्यास मुद्दलास कात्री. काका सही करतात, कारण समोर विम्याचा दलाल बसला आहे असे त्यांना वाटत नाही. समोर बँक बसली आहे असे त्यांना वाटते. वस्तुतः त्या खुर्चीवर दोघेही बसलेले असतात. बँक ही त्या विमा कंपनीची कमिशन घेणारी प्रतिनिधी असते, आणि साहेबांच्या पुढच्या बदलीचा व बढतीचा संबंध त्यांच्या शाखेला दिलेल्या लक्ष्यांकाशी असतो. साहेब दुष्ट नसतात. ते स्वतःच पिचलेले असतात. दुसऱ्या वर्षीचा हप्ता भरण्यासाठी काकांनी काढलेले सोनेतारण कर्जही पुष्कळदा त्याच शाखेत असते.

हे केवळ खेड्यातील अजाणत्यांचे घडते असे मानण्याचे कारण नाही. येस बँकेने आपल्या बेमुदत ‘एटी-१’ रोख्यांची विक्री आपल्याच खातेदारांना कशी केली याविषयी सेबीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेला आदेश वाचावा: तेराशेहून अधिक व्यक्तींनी ते घेतले, त्यांतील बहुतेक बँकेचेच ग्राहक, आणि काहींनी मुदत ठेवी मुदतीआधी मोडून घेतले. मार्च २०२० मध्ये त्या रोख्यांचे ८,४१५ कोटी रुपये शून्य करण्यात आले; ते प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. बँकेला स्वतःचे भांडवल उभे करावयाचे होते आणि सल्ला देणारीही तीच होती. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून गुंतवणूकदाराच्या रकमेतून विक्रेत्यासाठी आगाऊ कापून घेतला जाणारा अधिभार बंद केला, आणि २०१३ च्या आरंभापासून मध्यस्थावाचून थेट गुंतवणुकीची वाट ठेवली. तेव्हा विक्रेत्यांनी केलेला आक्रोश ज्यांना आठवतो त्यांना सल्ला आणि विक्री यांमधील अंतर किती होते हे निराळे सांगावयास नको.

माझ्या या प्रतिपादनावर एक आक्षेप असा येईल, आणि तो बळकट आहे, की लांज्यासारख्या ठिकाणी हा काटेकोरपणा चालवावयाचा म्हटले तर संस्था चालवावयास माणसेच उरणार नाहीत. ज्याला चार अक्षरे व चार आकडे कळतात तो व्यापारी असणार, व्यापाऱ्याला कर्ज लागणारच, आणि लग्नसंबंध तर पाच कोसांच्या आतच होतात. ज्याचा कुणाशी संबंध नाही असा संचालक आणावयाचा तो कोठून? हे खरे आहे. म्हणून मी कुणाला घालवून द्या असे म्हणत नाही. विषय निघाला की त्याने उठून बाहेर जावे, एवढेच म्हणतो. ज्या कर्जात आपला, आपल्या सोयऱ्याचा वा भागीदाराचा संबंध आहे त्याची चर्चा चालू असता त्याने खोलीत राहू नये, आणि तो बाहेर गेल्याची व परत आल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. मत न देता बसून राहणे पुरेसे नाही. डोळ्यांत डोळे घालून शेजाऱ्याचे कर्ज नाकारणारा कोकणी माणूस अजून जन्मावयाचा आहे. ठरावीक रकमेपुढच्या तारणाचे मूल्यमापन दुसऱ्या तालुक्यातील माणसाकडून व्हावे. लेखापरीक्षकाचे नाव मंडळाने सुचवू नये. ते नामतालिकेतून निबंधकाने चिठ्ठी टाकून काढावे, शुल्क संस्थेने भरावे. मोठ्या नागरी बँकांत निवडून आलेल्या संचालकांखेरीज जाणकारांचे एक व्यवस्थापन मंडळ असावे, ही मालेगाम समितीची २०११ ची शिफारस रिझर्व्ह बँकेने २०१९ अखेर शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकांना लागू केली. तिच्या मागचा विचार हाच आहे.

दुसरा आक्षेप असा की पहारेकऱ्यांवर पहारा कोण करणार? २०२४ मध्ये खुद्द सेबीच्या तत्कालीन अध्यक्षांवर हितसंबंधांविषयी आरोप झाले, त्यांनी ते नाकारले, आणि पुढील वर्षी लोकपालांनी त्याविषयीच्या तक्रारी निकालात काढल्या. तरीही सेबीला २०२५ मध्ये आपल्याच सदस्यांच्या व अधिकाऱ्यांच्या हितसंबंधांचे नियम तपासण्यासाठी प्रत्यूष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि मला हे उचित वाटते. व्यक्ती निर्दोष ठरली म्हणून आसनाचा प्रश्न मिटत नाही, ही जाणीव निदान तेथे उमटली.

सरकारने हे करावे, खात्याने ते करावे, असे म्हणून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे. परंतु वाचकांपैकी जे कोणी एखाद्या पतसंस्थेचे भागधारक सभासद असतील, आणि गणपतीला वा शिमग्याला गावी येणारे पुष्कळ चाकरमानी तसे असतात, त्यांच्या हाती एक हत्यार आजही आहे आणि ते गंजत पडले आहे. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कचेरीच्या वेळेत संस्थेचा शेवटचा ताळेबंद, संचालकांची यादी आणि केवळ सर्वसाधारण सभेचेच नव्हे तर संचालक मंडळाच्या सभांचेही इतिवृत्त विनामूल्य पाहता येते. या खेपेस गावी आलात की अर्धा दिवस त्यासाठी काढा. ज्या दिवशी मोठी कर्जे मंजूर झाली त्या दिवशीच्या इतिवृत्तात कोणी बाहेर गेल्याची नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर सभेत उभे राहून विचारा, आणि शेजारी बसलेला कुणी सदऱ्याला धरून खाली ओढू लागला तरी प्रश्न पुरा करूनच बसा. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.